विश्लेषण : शाळेच्या हॉलमध्ये नाटक का झालं? अरविंद देशपांडे आणि ‘छबिलदास चळवळ’

सीवूड्स : नाटकाची तालीम झाली, पण प्रयोग करायचा कुठे? नवी मुंबईतल्या हौशी आणि प्रायोगिक संस्थांना हा प्रश्न पडतोच. सीवूड्सहून चार स्टेशनांवर वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पण शंभर प्रेक्षकांच्या नाटकासाठी मोठं नाट्यगृह परवडत नाही. पन्नास वर्षांपूर्वी दादरमध्ये हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधणाऱ्यांमध्ये अभिनेते-दिग्दर्शक अरविंद देशपांडे आघाडीवर होते.

कोण होते अरविंद देशपांडे?

जन्म 31 मे 1932. विजया मेहता, विजय तेंडुलकर, डॉ. श्रीराम लागू यांच्यासोबत ते 1960 मध्ये सुरू झालेल्या ‘रंगायन’ या संस्थेत होते. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक 1967 मध्ये त्यांनीच दिग्दर्शित केलं. त्यातली लीला बेणारे साकारली त्यांच्या पत्नी सुलभा देशपांडे यांनी. 1971 मध्ये सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर सिनेमा काढला.

‘आविष्कार’ कशी सुरू झाली?

‘रंगायन’मध्ये मतभेद झाले आणि काही जण बाहेर पडले. 1971 मध्ये अरविंद, सुलभा, अरुण काकडे आणि सहकाऱ्यांनी ‘आविष्कार’ ही संस्था काढली. गिरीश कर्नाड यांच्या ‘तुघलक’चा तेंडुलकरांनी केलेला मराठी अनुवाद अरविंद यांनी रंगमंचावर आणला. हा मोठा पसारा होता. पण दरवेळी असा पसारा मांडणं शक्य नव्हतं.

अडचण नेमकी काय होती?

गणित सोपं आहे. व्यावसायिक नाटकाला नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, नेपथ्य आणि कलाकारांचं मानधन हा खर्च तिकीटविक्रीतून काढावा लागतो. त्यासाठी प्रयोगांची संख्या वाढवावी लागते. नवं, अवघड किंवा प्रेक्षकांना अस्वस्थ करणारं नाटक एवढे प्रयोग करू शकत नाही. म्हणजे जागा स्वस्त झाली तरच असं नाटक टिकतं.

मग छबिलदासच का?

सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्या ओळखीतून शाळेचा हॉल मिळाला आणि 1974 पासून तिथे प्रयोग सुरू झाले. हॉल नाट्यगृह म्हणून बांधलेला नव्हता. पण दादर स्टेशन जवळ होतं, खर्च कमी होता आणि प्रेक्षक नटाच्या अगदी समोर बसत.

महत्त्वाचं म्हणजे ‘आविष्कार’ने ही जागा फक्त स्वतःसाठी ठेवली नाही. दुबेंची ‘थिएटर युनिट’, अमोल पालेकरांची ‘अनिकेत’ अशा संस्थांनीही तिथे नाटकं केली. एका संस्थेचा उपक्रम अनेकांचा झाला, म्हणूनच तिला पुढे ‘छबिलदास चळवळ’ हे नाव पडलं.

पुढे काय झालं?

3 जानेवारी 1987 रोजी अरविंद देशपांडे गेले. वय अवघं 54. संस्था मात्र थांबली नाही. सुलभाताई आणि काकडे यांनी ती चालवली. अरविंद यांच्या स्मरणार्थ नाट्यमहोत्सवही सुरू झाला. नव्वदच्या दशकात छबिलदासची जागा सुटली आणि ‘आविष्कार’ माहीमच्या पालिका शाळेत गेली. पुन्हा शाळाच! सुलभाताईंचं 2016 मध्ये आणि काकडे यांचं 2019 मध्ये निधन झालं.

आज याचा अर्थ काय?

या चळवळीची कमजोरीही इथेच दिसते. जागा दुसऱ्याची असेल, तर ती कधीही सुटू शकते. पण संध्याकाळी रिकामा राहणारा हॉल, तो उघडून देणारी शाळा आणि तो इतरांसोबत वाटून घेणारी संस्था, एवढ्यावर मराठी प्रायोगिक रंगभूमीची जवळपास दोन दशकं उभी राहिली. शाळा सीवूड्समध्येही आहेत. त्यांचे हॉल संध्याकाळी कोणासाठी उघडतील, हे स्थानिक संस्थांनी आणि शाळांनी मिळून ठरवायचं आहे.