कुंपणच शेत खातं तेव्हा...

डिसेंबर १८८२. इटलीतलं मेसिना शहर. घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेलेली. इल्या मेचनिकॉव्ह मात्र मायक्रोस्कोपला डोळा लावून तारामाशाच्या पारदर्शक अळ्या बघत बसला होता. अळीच्या आत फिरणाऱ्या पेशी बघताना त्याच्या डोक्यात आलं, या शरीराचा पहारा तर करत नसतील? तो उठला, बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांना टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा घोळका! काटा रुतला की आपलं बोट का सुजतं, याचा धागा त्याला तिथं सापडला. या भक्षक पेशींच्या कामासाठी १९०८ साली पॉल एर्लिखसोबत त्याला नोबेल मिळालं.

खारकिव्हजवळ १८४५ मध्ये जन्मलेला हा माणूस तरुणपणी कमालीचा निराश. पहिली बायको ल्युडमिला क्षयानं गेली तेव्हा त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, काही वर्षांनी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा वाचला. आणि हाच माणूस पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बसून, आयुष्य वाढवायचं कसं, याच्या मागे लागला! म्हातारपणाच्या अभ्यासाला ‘जेरोंटॉलॉजी’ हे नाव त्यानंच दिलं.

त्याचं म्हणणं होतं, वय वाढलं की पहारेकरीच घरावर उठतात. भक्षक पेशी केसांतला रंग खातात आणि मेंदूतल्या चेतापेशीही. त्यांना वाव मिळतो तो आतड्यातल्या जंतूंच्या विषामुळे. उपाय? आंबवलेलं दूध. तो स्वतः ते घ्यायचा, आणि त्याच्यामुळे युरोपात दह्याचं वेड पसरलं. (आपल्या आज्यांना यात नवल ते काय वाटलं असतं!)

केसांचं गणित साफ चुकलं. मेंदूचं मात्र सोडून देता येत नाही. तो गेल्यावर तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगानं मेंदूतल्या मायक्रोग्लिया वेगळ्या ओळखल्या. या मेंदूच्या भक्षक पेशी. तरुण मेंदूत त्यांची दाह पेटवणारी जनुकं काम झालं की शांत होतात. वय वाढतं तशा डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदलतात, लगाम सैल होतो. पेशी आधीच अर्ध्या चिडलेल्या असतात. मग साध्या संसर्गानंही दाहाची रसायनं जास्त आणि जास्त वेळ सुटत राहतात. ताप आला की घरातले आजोबा एकदम असंबद्ध बोलू लागतात, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. अख्ख्या चेतापेशी गिळल्या जातात असं मेचनिकॉव्हला वाटलं होतं. आज जास्त लक्ष आहे ते पेशींमधल्या जोडण्यांवर. त्या कुरतडल्या जातात.

दह्यानं त्याला शंभरी गाठून दिली नाही. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, त्याचं हृदय थकलं. त्याच्या अस्थींचा कलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत ठेवला आहे.