विश्लेषण : मतदारांचा कौल मोजणारे जॉर्ज गॅलप कोण होते?

निवडणूक जवळ आली की मोबाइलवर जनमत चाचण्यांचा पाऊस पडतो. या चाचण्यांना शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांमध्ये अमेरिकेच्या जॉर्ज गॅलप यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

सुरुवात कशी झाली?

गॅलप यांचा जन्म १९०१ मध्ये आयोवा राज्यातील जेफरसन या गावी झाला. वृत्तपत्रातील कोणता मजकूर वाचक खरोखर वाचतात, या विषयावर त्यांनी १९२८ मध्ये पीएच.डी. मिळवली. १९३५ मध्ये त्यांनी जनमत मोजणारी स्वतःची संस्था स्थापन केली.

१९३६ मध्ये काय घडले?

‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून अध्यक्षपदी अल्फ लँडन निवडून येणार, असे जाहीर झाले. मात्र पत्ते प्रामुख्याने टेलिफोनधारक व मोटारमालकांचे होते. मंदीने पिचलेला गरीब मतदार त्यात कमीच होता. गॅलप यांचा नमुना त्या तुलनेत फारच लहान, पण सर्व थरांचे प्रमाण राखणारा होता. अंदाज चुकल्यास वृत्तपत्रांना पैसे परत देण्याची हमीही त्यांनी दिली होती. त्यांच्या अंदाजाप्रमाणे रूझवेल्ट जिंकले, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शिते पातेल्याच्या एकाच कडेची नसावीत!

प्रश्नाच्या शब्दांनी फरक पडतो?

पडतो. तो मोजण्यासाठी गॅलप यांनी नमुन्याचे दोन सारखे गट करून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारण्याची पद्धत वापरली. गट सारखे असल्याने उत्तरांतील तफावत शब्दांमुळेच आली, असे म्हणता येते. आजचे ‘सर्वेक्षण प्रयोग’ याच तत्त्वावर चालतात. उमेदवाराचा पक्ष, वय किंवा शिक्षण बदलून मतदाराची पसंती कशी बदलते, हे त्यांत तपासले जाते.

मग १९४८ मध्ये अंदाज का फसला?

ड्युई जिंकतील, असे गॅलप यांनी सांगितले, जिंकले ट्रुमन. मतदानाच्या काही आठवडे आधीच चाचणी थांबवल्याने शेवटच्या टप्प्यातील बदल सुटला. ठरलेल्या कोट्यात कोणाला गाठायचे, हेही मुलाखतकारांवर सोडले होते. या फटक्यानंतर त्यांनी यदृच्छ निवडीची पद्धत स्वीकारली.

आज त्याचे महत्त्व काय?

गॅलप यांचे १९८४ मध्ये निधन झाले. त्यांच्या यशापयशाचा धडा मात्र आजही लागू आहे. चाचणीचा आकडा पुढे पाठवण्यापूर्वी किती जणांना विचारले एवढेच नव्हे, तर कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारले, हेही पाहावे.