व्याकरणकार लिंडले मरे

इंग्रजीच्या वह्या तपासून परत मिळण्याचा दिवस बहुतेक विद्यार्थ्यांस नकोसा वाटतो. कोठें उपपद गाळलेलें असतें, कोठें कर्ता एकवचनी असून क्रियापद अनेकवचनी पडलेलें असतें, आणि तांबड्या शाईच्या खुणांनीं सारें पान भरून गेलेलें असतें. हे नियम आणि चुका दुरुस्त करण्याचे हे पाठ आपल्या मागें कोणीं लावून दिले, असा प्रश्न अशा वेळीं पुष्कळांच्या मनांत येत असेल. अशुद्ध वाक्य मुद्दाम विद्यार्थ्यापुढें ठेवून तें त्याच्याकडूनच शुद्ध करवून घेण्याची रीत कोणा एकट्याच मनुष्यानें काढली असें नाहीं. परंतु ती घराघरांत व शाळाशाळांत पोहोंचविण्याचें श्रेय ज्यांस सर्वांत अधिक दिलें जातें, ते लिंडले मरे होत. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

लिंडले मरे यांचा जन्म १७४५ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत स्वातारा या ठिकाणीं झाला. बारा भावंडांत ते सर्वांत वडील. वडील रॉबर्ट मरे हे आरंभीं पिठाची चक्की चालवीत. पुढें न्यूयॉर्क येथें जाऊन ते मोठे व्यापारी झाले. त्या शहरांतील मरे हिल या भागास याच घराण्याचें नांव मिळालें आहे. हें कुटुंब फ्रेंड्स अथवा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचें होतें. घरांत शिस्त कडक असे.

लहानपणीं लिंडले हा अतिशय खोडकर होता. वयाच्या चवदाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनीं त्याला आपल्या पेढीवर बसविलें. जमाखर्चांत त्याचें मन रमेना. त्याला विद्येची ओढ होती. एके दिवशीं परवानगीवांचून तो आपल्या काकांकडे जेवावयास राहिला, म्हणून वडिलांनीं त्याला कठोर शिक्षा केली. ती त्याच्या मनाला फार लागली. आपलीं पुस्तकें बरोबर घेऊन तो घरांतून निघून गेला आणि न्यू जर्सी प्रांतांतील बर्लिंग्टन गांवीं एका वसतिगृहाच्या शाळेंत दाखल होऊन फ्रेंच भाषा शिकूं लागला! घरच्या माणसांनीं त्याचा शोध लावला व समजूत घालून त्याला परत आणलें. त्याची चूक झाली होती खरी. पण मुलगा पळाला तो शाळेकडे, ही गोष्ट वडिलांच्याही ध्यानांत आली असावी. पुढें त्यांनीं त्याच्याकरितां घरीं खासगी शिक्षक ठेवला.

त्यानंतर आपल्याला वकिलीचा अभ्यास करूं द्यावा, अशी इच्छा लिंडले यांनीं धरली. वडील राजी होईनात. तेव्हां रुसून न बसतां त्यांनीं आपलीं सारीं कारणें व्यवस्थित लिहून काढलीं. तें टिपण वडिलांचे वकील बेंजामिन किसम यांच्या पाहण्यांत आलें. त्यांना तें पटलें, आणि त्यांच्या शब्दामुळें वडिलांनीं अखेर संमति दिली. किसम यांच्याच हाताखालीं त्यांचे सहाध्यायी जॉन जे हे होते. तेच पुढें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पहिले सरन्यायाधीश झाले. मुद्देसूद लेखनाचा प्रभाव किती असतो, याचा अनुभव मरे यांस असा तरुणपणींच आला.

१७६७ सालीं त्यांचा विवाह हॅना डॉब्सन यांच्याशीं झाला. वकिली चांगली चालूं लागली. परंतु अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतांच ते लाँग आयलंडवरील आयस्लिप या खेड्यांत जाऊन राहिले. कांहीं वर्षांनीं ते इंग्रजांच्या ताब्यांतील न्यूयॉर्क शहरांत परत आले व व्यापारांत शिरले. १७८३ सालीं युद्ध संपलें, तेव्हां त्यांच्यापाशीं आयुष्यभर पुरेल इतकी संपत्ति जमली होती. वय अवघें अडतीस वर्षांचें; पूर्व नदीच्या कांठीं सुंदर घर; आतां निवांतपणें सुख भोगावें, एवढेंच काय तें उरलें होतें.

पण नेमकें याच वेळीं शरीर फितूर झालें. एका आजारानंतर त्यांच्या स्नायूंची शक्ति हळूहळू कमी होऊं लागली. चार पावलें चाललें तरी पाय लटपटत. इंग्लंडची थंड हवा मानवेल, असें वैद्यांनीं सुचविलें, म्हणून १७८४ सालीं पतिपत्नी जहाजांत बसून निघालीं. दोन वर्षांत परत यावें असा बेत होता. तें परत येणें कधींच घडलें नाहीं. यॉर्क शहराजवळ होलगेट येथें त्यांनीं एक घर घेतलें व तेथेंच तीं कायमचीं राहिलीं. आरंभीं मरे बागेंत थोडे फिरत. पुढें गाडींतून बाहेर पडत. आणि शेवटचीं सुमारें सोळा वर्षें तर त्यांना घराचा उंबरठाही ओलांडतां आला नाहीं. या सर्व काळांत हॅनाबाईंनीं त्यांची एकनिष्ठपणें सोबत केली.

इतर कोणी अशा स्थितींत केवळ दैवाला दोष देत बसला असता. मरे यांचें खरें जीवितकार्य मात्र येथूनच सुरू झालें. यॉर्क येथें ट्रिनिटी लेनमध्यें क्वेकर मंडळींनीं १७८५ सालीं मुलींची एक शाळा काढली होती. तेथील तरुण शिक्षिकांना इंग्रजी व्याकरण शिकविण्याचें काम मरे यांनीं आपल्या घरीं बसून केलें. त्या शिक्षिकांना हे पाठ इतके उपयोगी वाटले कीं, त्यांनीं अर्जाच्या थाटाचें एक पत्र लिहून मुलींकरितां सोपें व्याकरण लिहून देण्याची त्यांना विनंति केली. आपण या कामास योग्य नाहीं असें मरे यांस वाटत होतें. तरी त्यांनीं लेखणी हातीं घेतली. १७९५ सालीं यॉर्कमध्येंच हें इंग्रजी व्याकरण छापून निघालें. त्या वेळीं मरे पन्नास वर्षांचे होते.

या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. त्याचे चार भाग आहेत : वर्णविचार, शब्दविचार, वाक्यरचना आणि उच्चार व छंद. मुख्य नियम मोठ्या टाइपांत आणि त्यांवरील स्पष्टीकरण बारीक टाइपांत छापलें होतें. लहान मुलींनीं मोठीं अक्षरें तेवढीं पाठ करावीं, वाढत्या वयाच्या मुलींनीं बारीक अक्षरेंही वाचावीं, अशी ही योजना. एकाच पुस्तकांत दोन इयत्तांची सोय झाली.

पण केवळ नियम पाठ केल्यानें भाषा येत नाहीं, हें मरे पुरतेपणीं जाणून होते. म्हणून १७९७ सालीं त्यांनीं अभ्यासपाठांचें स्वतंत्र पुस्तक काढलें. त्यांत व्याकरण चालविण्याचे पाठ आहेत, आणि पुढें पानेंच्या पानें अशुद्ध वाक्यांनीं भरलेलीं आहेत. कोठें स्पेलिंग चुकलेलें, कोठें कर्ता व क्रियापद यांचा मेळ नाहीं, कोठें विरामचिन्हें गाळलेलीं, तर कोठें शब्दांचा क्रम असा कीं अर्थच धूसर व्हावा. विद्यार्थ्यानें नियम आठवावा, चूक हुडकावी, आणि वाक्य शुद्ध करून लिहावें. त्याच वर्षीं उत्तरांची निराळी किल्लीही निघाली. ज्याला शिक्षक लाभला नाहीं, त्यानें आधीं आपल्या बुद्धीनें वाक्य सुधारावें व मग किल्ली उघडून ताळा पाहावा. आधींच किल्ली पाहणाऱ्यास तिचा उपयोग शून्य, हें आमच्या विद्यार्थ्यांना वेगळें सांगावयास नकोच!

त्याच सालीं व्याकरणाची संक्षिप्त आवृत्ति, १७९९ सालीं निवडक उताऱ्यांचें वाचनपुस्तक, १८०४ सालीं स्पेलिंगचें पुस्तक, अशीं एकामागून एक पुस्तकें त्या बैठ्या खोलींतून बाहेर पडलीं. इंग्लंडपेक्षांही अमेरिकेंत त्यांचा खप अधिक झाला. मरे यांच्या सर्व पुस्तकांच्या मिळून सुमारें दोन कोटी प्रती खपल्या असाव्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एका लाकडी झोंपडींत वाढलेल्या अब्राहम लिंकन यांनीं त्यांतील वाचनपुस्तकाची फार थोरवी गाइली आहे. अंध विद्यार्थ्यांसाठीं उठावाच्या अक्षरांत, आणि १८३७ सालीं मुंबईंत मराठी भाषांतराच्या रूपानें, हें व्याकरण अवतरलें. त्याच्याच आधल्या वर्षीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आपलें मराठी व्याकरण प्रसिद्ध केलें होतें. ज्या मनुष्याला घराबाहेर पाऊल टाकतां येत नव्हतें, त्याची विद्या अशी समुद्रापार आमच्या दारापर्यंत येऊन पोहोंचली. या पुस्तकांपासून मिळालेला पैसा मात्र मरे यांनीं स्वतःकडे ठेविला नाहीं. तो त्यांनीं दानधर्माकडे लाविला.

मरे यांचे दोष सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं. त्यांच्या नियमांपैकीं पुष्कळ त्यांचे स्वतःचे नव्हते. बिशप रॉबर्ट लाउथ यांचें १७६२ सालचें व्याकरण आणि इतर ग्रंथ यांतून त्यांनीं ते निवडून घेतले होते. आपलें काम संकलनाचें आहे असें त्यांनीं म्हटलें होतें. पण कोणाचें काय घेतलें, हें आरंभीं नांवानिशीं सांगितलें नव्हतें. त्यावरून टीका झाली. मरे यांनीं वाद न घालतां पुढील आवृत्तींत त्या ग्रंथकारांचीं नांवें नमूद केलीं. टीकाकारांच्या योग्य सूचना स्वीकारून ते आवृत्तीमागून आवृत्ति सुधारीत राहिले, आणि १८०८ सालीं त्यांनीं ग्रंथ वाढवून दोन भागांत प्रसिद्ध केला. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जॉर्ज वॉशिंग्टन मून या टीकाकारानें खुद्द मरे यांच्याच लेखनांतील अशुद्धें वेंचून पुस्तकरूपानें मांडलीं! दोन नकार आले म्हणजे होकार होतो, यांसारखे नियम निसर्गाचे नसून शिष्टसंमत रूढीचे आहेत, असें आजचे भाषाशास्त्रज्ञही सांगतात. मरे यांचीं पुस्तकें आतां शाळांतून गेलीं. अभ्यासपाठांची रीत तेवढी राहिली.

१८२६ सालीं वयाच्या ऐंशीव्या वर्षीं होलगेट येथें मरे यांचा अंत झाला. त्यांच्या बागेंतील लहानसा बंगला पुढें यॉर्कच्या माउंट स्कूल या मुलींच्या शाळेच्या आवारांत नेऊन उभा करण्यांत आला. ही शाळा आपला उगम १७८५ सालच्या त्याच ट्रिनिटी लेनच्या शाळेंत मानते.

विद्यार्थिमित्रहो, मरे यांना आपलें शरीर दुरुस्त करतां आलें नाहीं. पण आपलें पुस्तक ते वर्षानुवर्षें दुरुस्त करीत राहिले. ज्यानें हजारों मुलांना चुका सुधारावयास लाविलें, त्यानें स्वतःची चूक दाखविली गेली तेव्हां तीही सुधारली. आणि पालकांसही आमची एक विनंति आहे. तांबड्या खुणांची वही घरीं आली म्हणजे केवळ खुणा मोजूं नयेत. मुलानें त्यांतील किती वाक्यें पुन्हां शुद्ध करून लिहिलीं, तें मोजावें.