पोटमाळ्यावरचा छंद आणि रेडिओचा निर्मळ आवाज : एडविन आर्मस्ट्राँग

नवी दिल्ली, ३१ जानेवारी : रेडिओच्या इतिहासात ३१ जानेवारी ही तारीख एकाच माणसाच्या आयुष्यात दोनदा येते. १९१३ मध्ये या दिवशी न्यूयॉर्कमधील २२ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने घरी जुळवलेल्या बिनतारी मंडलाची आकृती नोटरीपुढे साक्षांकित करून घेतली. १९५४ मध्ये याच तारखेच्या रात्री, त्याच शहरातील राहत्या घरी, त्याच माणसाने आपली जीवनयात्रा संपवली. मधल्या ४१ वर्षांत त्याने जगाला जे दिले, त्यावाचून आजचा रेडिओ संच उभाच राहू शकत नाही. त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. स्वतःच्या हाताने मंडल जुळवून ते का चालते हे उलगडणारा खरा शोधक, की कागदावरील दावा सिद्ध करू शकणारा, या प्रश्नाने त्याचे सारे आयुष्य व्यापले.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील एका नामांकित ग्रंथप्रकाशन संस्थेच्या अमेरिकेतील शाखेत अधिकारी, तर आई विवाहापूर्वी शिक्षिका होती. बालपणीच्या एका आजाराने त्यांना दोन वर्षे शाळेपासून दूर ठेवले. आजार गेला, तरी उत्तेजित झाले की खांदा व चेहरा अनैच्छिकपणे उडण्याची खोड जन्मभर राहिली. एकांतप्रिय झालेला हा मुलगा यंत्रांत रमू लागला. १९०२ मध्ये कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहावयास गेले आणि तेथील घराचा पोटमाळा ही त्याची प्रयोगशाळा झाली.

मार्कोनींच्या बिनतारी संदेशवहनाची वार्ता तेव्हा जगभर गाजत होती. अमेरिकेतील असंख्य शाळकरी मुले खोक्यांवर तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळून, गॅलेना खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवून घरगुती रेडिओ बनवीत होती. एडविनही त्यांच्यापैकीच एक होता. मात्र संदेश ऐकू आला म्हणून त्याचे समाधान होत नसे. तो इतका क्षीण का, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. १९१० मध्ये त्याने अंगणात १२५ फूट उंचीचा अँटेनाचा खांब स्वतःच उभारला. दोरखंडाला बांधलेल्या फळीवर बसून तो स्वतःला वर ओढून घेई. उंचीची भीती त्याला कधी वाटलीच नाही.

कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी तो याँकर्सहून रोज तांबड्या मोटरसायकलीवरून जाई. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये 'ऑडिऑन' ही तीन अग्रांची निर्वात नलिका बनवली होती. मात्र ती नेमकी कशी कार्य करते, हे कोणालाच नीट उमगले नव्हते. आर्मस्ट्राँग यांनी तिच्यातील प्रवाहांची चिकाटीने मोजमापे घेतली. अँटेनाकडून आलेला क्षीण संकेत नलिकेत वाढतो, हे ध्यानी येताच त्यांनी त्या वाढलेल्या संकेताचा काही अंश वेटोळ्यातून पुन्हा आरंभाच्या अग्राकडे, मूळ संकेताशी सूर जुळेल अशा रीतीने, वळवला. संकेत पुनःपुन्हा वाढत गेला आणि त्याची तीव्रता हजारो पट झाली. कानाला यंत्र लावूनही जेमतेम ऐकू येणारी दूरदेशीची केंद्रे खोलीत स्पष्ट ऐकू येऊ लागली. १९१२ मधील त्या रात्री आनंदाच्या भरात त्यांनी बहिणीला झोपेतून उठवले.

या 'पुनर्भरण' मंडलात आणखी एक मर्म दडले होते. परत वळवलेला अंश ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवला, की नलिका स्वतःच कंपने निर्माण करू लागते आणि ग्राहक यंत्राचे प्रक्षेपक यंत्र होते. ठिणग्या पाडणाऱ्या अवजड प्रक्षेपकांचे युग संपवणारी किल्ली एका विद्यार्थ्याच्या पोटमाळ्यावर सापडली होती.

पदवी मिळेपर्यंत पेटंटसाठी पैसे देण्यास वडिलांनी नकार दिला. आर्मस्ट्राँग यांनी मोटरसायकल विकली, तरी रक्कम पुरली नाही. अखेर नातलगाच्या सल्ल्यावरून त्यांनी आकृतीवर नोटरीची मोहर तेवढी उमटवून घेतली. पेटंटचा अर्ज २९ ऑक्टोबर १९१३ रोजी दाखल झाला. मधल्या नऊ महिन्यांच्या विलंबाची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली.

जानेवारी १९१४ मध्ये न्यू जर्सीतील बेलमार येथे, कडाक्याच्या थंडीत, मार्कोनी कंपनीचे तरुण अधिकारी डेव्हिड सारनॉफ यांनी या यंत्रावर रात्रभर दूरदूरची केंद्रे ऐकली. त्या रात्री जुळलेली मैत्री पुढे दोघांच्याही आयुष्याला वळण देणारी ठरली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधून आर्मस्ट्राँग पॅरिसला गेले. तेथे १९१८ मध्ये त्यांनी 'सुपरहेटरोडाइन' पद्धती शोधली. येणारा संकेत कोणत्याही वारंवारतेचा असो, यंत्रातच निर्माण केलेल्या दुसऱ्या कंपनाशी त्याचे मिश्रण करून तो एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणावयाचा आणि तेथेच त्याला वाढवावयाचे, अशी ही युक्ती होती. बटण फिरवून हवे ते केंद्र लावण्याची सोय घरोघरीच्या संचाला मिळाली ती याच पद्धतीमुळे.

कीर्ती मिळाली, तरी हौशी मंडळींचा सहवास त्यांनी सोडला नाही. 'रेडिओ क्लब ऑफ अमेरिका' या हौशी संस्थेचे ते अध्यक्ष होते. २०० मीटरच्या आसपासच्या लहान लहरी दूरच्या संदेशवहनास निरुपयोगी, असे तज्ज्ञ मानीत. त्यामुळेच त्या हौशींच्या वाट्यास आल्या होत्या. डिसेंबर १९२१ मध्ये आर्मस्ट्राँग व क्लबच्या पाच सहकाऱ्यांनी कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथे '१ बीसीजी' हे केंद्र उभारले. त्याचे संदेश अटलांटिक महासागर ओलांडून स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे पोहोचले. समुद्रकाठच्या तंबूत ते टिपणारे पॉल गॉडली हेही हौशीच, आणि त्यांचे यंत्र होते सुपरहेटरोडाइन. तज्ज्ञांनी टाकून दिलेल्या लहरींचे मोल हौशींनी जगाला दाखवून दिले.

१९२२ मध्ये आर्मस्ट्राँग यांच्या आणखी एका शोधासाठी आरसीए कंपनीने त्यांना रोख रकमेसह मोठ्या प्रमाणावर समभाग दिले. ते कंपनीचे सर्वांत मोठे व्यक्तिगत भागधारक झाले. सारनॉफ तेव्हा तेथे वरिष्ठ पदावर होते. त्यांच्या सचिव मॅरियन मॅकिनिस यांच्याशी आर्मस्ट्राँग १९२३ मध्ये विवाहबद्ध झाले. वधूला भेट म्हणून त्यांनी स्वहस्ते उचलून नेण्याजोगा सुपरहेटरोडाइन संच बनवला होता. तो घेऊन हे दांपत्य सागरकिनारी गेले.

दरम्यान पुनर्भरणाच्या शोधावर डी फॉरेस्ट यांनी हक्क सांगितला होता. ऑगस्ट १९१२ मध्ये आपल्या दूरध्वनी प्रवर्धकात शिट्टीसारखा नाद उमटला होता आणि त्याची नोंद आपल्या वहीत आहे, असा त्यांचा दावा होता. प्रारंभी निकाल आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने लागला. प्रतिपक्षाकडील येणे माफ करून प्रकरण मिटवण्याची संधीही आली. मात्र आर्मस्ट्राँग यांनी ती नाकारली आणि वाद पुन्हा उघडला. दोन दशके चाललेल्या या लढ्यात १९२८ व १९३४ अशा दोन्ही वेळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाला मंडलातील तत्त्वच उमगले नाही, असे अनेक अभियंत्यांचे मत होते.

त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील रेडिओ अभियंत्यांच्या अधिवेशनात आर्मस्ट्राँग आपल्या संस्थेने पूर्वी दिलेले सन्मानपदक परत करण्यासाठी गेले. संस्थेने ते स्वीकारण्यास नकार देऊन शोधाचा मान त्यांचाच असल्याचे पुन्हा जाहीर केले. उपस्थितांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. कायद्याने हिरावलेले श्रेय समव्यावसायिकांनी परत केले, मात्र न्यायालयाचा निर्णय बदलला नाही.

तोवर ते वेगळ्याच ध्यासात गुंतले होते. विजा कडाडल्या की रेडिओवर येणारी खरखर कशी घालवावी, हा सारनॉफ यांनाही सतावणारा प्रश्न होता. प्रचलित पद्धतीत आवाजानुसार लहरीची उंची कमी-जास्त होई. विजेची खरखर लहरीच्या उंचीतच मिसळत असल्याने ती वेगळी काढणे अशक्य होते. आर्मस्ट्राँग यांनी उंची स्थिर ठेवून लहरीची वारंवारता बदलण्याचा मार्ग निवडला. हीच 'फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन' अर्थात एफएम पद्धती. जॉन कार्सन या गणितज्ञ अभियंत्याने १९२२ मध्येच एफएम लाभदायक नसल्याचा निष्कर्ष गणिताने काढला होता. मात्र तो अरुंद पट्ट्यापुरता होता. आर्मस्ट्राँग यांनी पट्टा हेतुतः रुंद केला आणि खरखर नाहीशी झाली. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना एफएमची पेटंटे मिळाली.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेपुढे त्याचे प्रात्यक्षिक झाले. ध्वनी येत होता तो याँकर्समधील त्यांचे हौशी मित्र कारमन रनियन यांच्या घरातील केंद्रातून. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद फाटल्याचा आवाज सभागृहात जसाच्या तसा उमटला. ज्या गावातील पोटमाळ्यावर त्यांचा छंद रुजला होता, त्याच गावातील एका हौशीच्या घरातून एफएमचा आवाज जगापुढे आला.

तथापि एफएम म्हणजे प्रचलित रेडिओत केवळ सुधारणा नव्हती, ती त्याच्या जागी येणारी नवी व्यवस्था होती. आरसीएचा ओढा दूरचित्रवाणीकडे होता. एम्पायर स्टेट इमारतीत प्रयोगासाठी दिलेली जागा कंपनीने १९३५ मध्ये परत मागितली. आर्मस्ट्राँग यांनी स्वखर्चाने न्यू जर्सीतील अल्पाइन येथे ४०० फुटांहून उंच मनोरा व केंद्र उभारले. १९४० मध्ये आरसीएने पेटंटच्या वापरासाठी १० लाख डॉलर एकरकमी देऊ केले. इतर कंपन्यांप्रमाणे स्वामित्वशुल्कच द्यावे, असा आग्रह धरून आर्मस्ट्राँग यांनी ते नाकारले. दुसऱ्या महायुद्धात मात्र आपली पेटंटे त्यांनी लष्कराला विनामूल्य वापरू दिली.

१९४५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हलवले. लोकांच्या घरातील लाखो संच एका निर्णयाने निकामी झाले. १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आरसीए व एनबीसी यांच्याविरुद्ध पेटंटभंगाचा दावा दाखल केला. साक्षी-जबान्यांत वर्षे गेली, १९५० मध्ये मूळ पेटंटांची मुदत सरली आणि संपत्तीही आटत गेली. त्याचा ताण संसारावर आला. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये मॅरियन यांच्याशी झालेल्या भांडणात त्यांचा हात उगारला गेला आणि त्या घर सोडून बहिणीकडे गेल्या. पत्नीच्या नावे पश्चात्तापाचे पत्र लिहून ठेवून आर्मस्ट्राँग यांनी ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री मृत्यूला जवळ केले. ते ६३ वर्षांचे होते.

लढा मॅरियन यांनी पुढे नेला. त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएशी सुमारे १० लाख डॉलरवर तडजोड झाली. पतीने १४ वर्षांपूर्वी नाकारलेली रक्कम जवळपास तेवढीच होती. इतर कंपन्यांविरुद्धचे दावेही त्यांनी एकेक करून निकाली काढले. १९६७ मध्ये शेवटचा दावा जिंकला, तेव्हा एफएमचा जनक कोण हा प्रश्न उरला नव्हता.

भारतात आकाशवाणीची एफएम सेवा २३ जुलै १९७७ रोजी तत्कालीन मद्रासमध्ये सुरू झाली. आज गल्लोगल्ली ऐकू येणारी एफएम केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात आहेत. विज्ञान प्रदर्शनासाठी एक ट्रान्झिस्टर, तारेचे वेटोळे आणि मोजके सुटे भाग जुळवून विद्यार्थी जो चिमुकला एफएम प्रक्षेपक करतात, त्यात आर्मस्ट्राँग यांचे दोन शोध एकत्र नांदतात. पुनर्भरणामुळे तो कंप पावतो आणि बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर त्याची वारंवारता बदलते. प्रक्षेपणासाठी कायद्याने परवाना आवश्यक आहे, परंतु ऐकण्याचा संच घरी जुळवण्यास आजही थोडेसे साहित्य आणि बरीचशी चिकाटी पुरते. याँकर्सच्या पोटमाळ्यावरील मुलाकडे सुरुवातीला याहून अधिक काही नव्हते.