गर्भनिरोधकांना विरोध करणारे विनोबा लग्न न करणाऱ्या बायकांच्या पाठीशी कसे उभे राहिले?

लैंगिकतेवर मराठीत वाद निघाला की पहिलं नाव येतं र. धों. कर्वे यांचं. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवणारे कर्वे. पण याच वादाची दुसरी बाजू आयुष्यभर जगलेला माणूसही कोकणातलाच होता.

पेण तालुक्यातलं गागोदे हे त्याचं गाव. ११ सप्टेंबर १८९५ ला तिथे विनायक नरहरी भावे जन्मला. पुढे हेच विनोबा झाले.

भूदान आणि गीताई आपल्याला माहीत असते. पण लहानपणीच त्यांनी ब्रह्मचर्याचा संकल्प केला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. बुद्ध, शंकराचार्य आणि रामदास हे त्यांचे आदर्श. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीच्या गाडीत बसले. त्याच वर्षी जूनमध्ये ते गांधींना भेटले. पुढे बाळकोबा आणि शिवाजी हे धाकटे भाऊही त्याच वाटेने गेले. तिघांपैकी एकानेही लग्न केलं नाही.

संततिनियमनाच्या प्रश्नावर विनोबा गांधींच्याच बाजूचे. मुलं कमी हवीत तर संयम पाळा, साधनं वापरू नका, असं त्यांचं मत होतं. कृत्रिम साधनांमुळे जबाबदारी संपते आणि भोग वाढतो, असं त्यांना वाटे. कर्वे नेमका याच विचारावर हल्ला चढवत असत.

इथे एक गंमत आहे. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. तेव्हाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे शेजारच्या रोह्यात वाढलेले. पेणचा संत म्हणतो साधनं नकोत आणि रोह्याचा अर्थमंत्री त्याच कामाला पैसे देतो!

या मुद्द्यावर विनोबा कमी पडले, असं आज वाचताना वाटतं. संयम पाळायचा तर तो दोघांनी पाळायला हवा. ज्या घरात बाईला नाही म्हणण्याची मुभाच नव्हती, तिथे तिने काय करायचं? कर्वे या बाईपासूनच सुरुवात करत होते.

पण विनोबांना एवढ्यावरच निकालात काढता येत नाही.

१९६० मध्ये ते इंदूरला राहिले होते. भिंतीभिंतीवर सिनेमाची भडक पोस्टरं पाहून ते अस्वस्थ झाले आणि अशोभनीय पोस्टरांविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली. बाईचं शरीर विक्रीसाठी रस्त्यावर मांडलं जातंय, हा त्यांचा आक्षेप होता. आता काहींना ही नैतिक पोलिसगिरी वाटेल, तर काहींना जाहिरातीतल्या बाईबद्दल आपण आज जे बोलतो त्याची सुरुवात. खरं सांगायचं तर त्यात दोन्ही होतं.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी केलेलं काम मात्र जास्त महत्त्वाचं होतं. २५ मार्च १९५९ ला वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. त्यांनी घर सोडलं तोही २५ मार्चच होता. लग्न न करता साधना करू इच्छिणाऱ्या बायकांसाठी हा आश्रम होता.

आज हे साधं वाटतं, पण काळ बघा. पुरुष घर सोडून गेला तर तो संन्यासी. बाई गेली तर लोक काय म्हणत, ते सांगायला नको. बिनलग्नाची मुलगी म्हणजे घराला घोर. ब्रह्मचर्यावर फक्त पुरुषाचा हक्क आहे हे विनोबांना मान्य नव्हतं. स्त्रियांना दीक्षा देताना महावीर बिचकले नाहीत, म्हणून त्यांना महावीरांचं मोठं कौतुक होतं.

आश्रमातले निर्णय बहिणी एकमताने घेत. शेती, स्वयंपाक, छपाई अशी कामंही त्याच करत. कुणा पुरुषाच्या नावाशिवाय आयुष्य काढता येतं, हे तिथे रोज दिसत होतं. अर्थात ही मोकळीक शरीरसुख सोडणाऱ्या बाईलाच होती. ते हवं असलेल्या पण लग्न नको असलेल्या बाईसाठी विनोबांच्या विचारात जागा नव्हती.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी पडल्यावर विनोबांनी अन्न आणि औषध बंद केलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवसांत, पवनारलाच त्यांनी देह ठेवला. आश्रम त्यांच्या मागेही बहिणींनीच चालवला.