मधपेटीचे जनक रेव्हरंड लँगस्ट्रॉथ

गणपतीच्या पंचामृतात दूध, दही, तूप, साखर यांच्याबरोबर मध असतोच. आमच्या अणशीच्या रानात सातेरी माशीचा मध पूर्वी झाडाच्या ढोलीतून काढत. पोळे कापले की त्यातली पिल्ले मरत आणि माश्या बहुधा घर सोडून जात. आज पेटीतली चौकट उचलून, पोळे न मोडता मध काढता येतो. ही सोय ज्यांनी जगाला दिली, त्यांची ओळख आपल्याकडे फारशी नाही, म्हणून हा लेख.

लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांचा जन्म 25 डिसेंबर 1810 रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे झाला. लहानपणी मुंग्या पाहत तासन् तास गुडघ्यांवर बसून त्यांची विजार फाटे आणि घरी मार बसे. पुढे ते येल येथे शिकले व चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. 1838 मध्ये एका स्नेह्याच्या घरी काचेच्या भांड्यात मधाचे पोळे पाहिले आणि त्याच दिवसांत त्यांनी मधमाश्यांची दोन घरे विकत घेतली.

त्या वेळच्या पेट्यांत माश्या पोळे भिंतींना आणि झाकणाला चिकटवीत. सुरीने कापल्याशिवाय आत काही पाहता येत नसे. लँगस्ट्रॉथ यांनी झाकणाखाली थोडी मोकळी जागा सोडली, तेव्हा झाकण चिकटेना. ऑक्टोबर 1851 मध्ये त्यांच्या मनात आले, की हीच जागा चौकटीच्या चारही बाजूंनी सोडली तर? जागा फार कमी असेल तर माशी ती राळेने बुजवते, जास्त असेल तर तिथे पोळे बांधते. पण साधारण 6 ते 9 मिलिमीटर जागा असेल, तर ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवते. 1852 मध्ये त्यांना या पेटीचे पेटंट मिळाले आणि 1853 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले.

पैसा मात्र मिळाला नाही. पेटी इतकी सोपी, की कोणीही सुतार ती करी आणि पेटंटकडे दुर्लक्ष करी. कज्जेखटल्यांत त्यांचे पैसे व शक्ती गेली. त्यातच तरुणपणापासून त्यांना नैराश्याचे आजारपण होते. ते आले की महिनोन् महिने माश्यांचे नावसुद्धा नकोसे होई. 1870 मध्ये मुलगा गेला, 1873 मध्ये पत्नी. तरीही बरे वाटले की ते पुन्हा पेट्यांकडे वळत. 6 ऑक्टोबर 1895 रोजी डेटन येथे चर्चमध्ये प्रवचन देत असतानाच त्यांचे निधन झाले.

त्यांची पेटी मोठ्या युरोपीय माशीसाठी होती. आपली सातेरी लहान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तेच तत्त्व घेऊन तिच्यासाठी छोटी पेटी बनवली. युरोपीय माशीला एका चौकटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारे 35 मिलिमीटर अंतर लागते, सातेरीला साधारण सव्वा इंच.

हे मी चुकून शिकलो. पहिल्या पेटीत एक चौकट कमी होती, म्हणून उरलेल्या मी ऐसपैस लावल्या. माश्यांना मोकळी हवा मिळेल, असे वाटले. महिन्याभराने पाहतो तर दोन चौकटींच्या मध्ये आडवे पोळे! उचलताच ते फाटले, मध सांडला, पिल्ले चिरडली आणि आठवड्यात माश्या निघून गेल्या. आता चौकट कमी असली तर मी त्या जागी फळी घालून पेटी लहान करतो, पण अंतर बदलत नाही.

एवढ्याशा अंतराने लाखो पोळी मोडण्यापासून वाचली. यंदा पंचामृतात मध घालताना या सत्पुरुषाची आठवण ठेवूया. गणपती बाप्पा मोरया!