दोन शब्दांचे नाव

मुलांनो, ज्याला तुम्ही घरी आम म्हणता, त्याला मराठीत आंबा म्हणतात. मग परदेशातल्या शास्त्रज्ञाला हे झाड नावावरून कसे ओळखता येईल? ही अडचण कार्ल लिनियस यांनी दूर केली.

त्यांचा जन्म १७०७ साली स्वीडनमध्ये झाला. वडील धर्मगुरू होते. त्यांना बागेचा फार नाद. त्या काळी झाडाचे लॅटिन नाव म्हणजे एक लांबलचक वर्णनच असे. तुम्हाला तरी ते पाठ झाले असते का? १७५३ साली लिनियस यांनी आपल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. आंबा झाला मँगिफेरा इंडिका. यातला पहिला शब्द आडनावासारखा. तो जवळच्या अनेक जातींना मिळून असतो.

नवी झाडे शोधायला त्यांनी आपले विद्यार्थी दूरदेशी पाठवले. त्यांतला टेर्नस्ट्रॉम चीनकडे जाताना १७४६ साली वाटेतच वारला. त्याच्या बायकोने लिनियस यांनाच दोष दिला. पुढे ते अविवाहित तरुणांनाच पाठवू लागले. पण त्यांतलेही काही परतले नाहीत.

लिनियस १७७८ साली वारले. त्यांनी बुरशीला वनस्पतींत धरले होते. आज शास्त्रज्ञ पेशी आणि जनुके तपासून तिला वेगळे ठेवतात. नवी बुरशी सापडली, की तिला नाव मात्र दोन शब्दांचेच देतात.